विश्लेषण : जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, अशी मागणी १८८४ मध्ये करणारे नारायण मेघाजी लोखंडे कोण होते?

शहाड, अंबरनाथ, बदलापूरच्या पट्ट्यात कुणाचा हात मशीनमध्ये सापडला, की जखमीला आणण्याचे एक नेहमीचे ठिकाण म्हणजे उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधले सरकारी मध्यवर्ती रुग्णालय. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नाल्यात रात्री रसायन सोडले गेले आणि पहाटे श्वास कोंडून शेकडो रहिवाशांना दवाखाना गाठावा लागला, तेव्हा धावपळ झाली ती याच रुग्णालयात. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडला एका कारखान्याच्या आवारात टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले. शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीने तर मे २०१६ आणि मे २०२४ असे दोन मोठे स्फोट पाहिले.

अशा प्रत्येक घटनेनंतर पहिले काही दिवस चर्चा होते ती स्फोट कसा झाला याची. नातेवाइकांचे प्रश्न मात्र वेगळे असतात. बिल कोण भरणार, बरा होईपर्यंत घर कशावर चालणार आणि हात कायमचा गेला तर पुढे काय? हे प्रश्न भारतात पहिल्यांदा लेखी मागणीच्या रूपात मांडले गेले १८८४ मध्ये, मुंबईत. मांडणारा माणूस ठाण्याचा होता.

ठाण्याचा मुलगा, गिरणीतला स्टोअरकीपर

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, फुलमाळी समाजातले. नारायण पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईहून पहिली आगगाडी ठाण्यात आली. वर्षभरात रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. आज उल्हासनगर जिथे आहे तिथे तेव्हा गावे, शेते आणि उल्हास-वालधुनीचे पाणी होते. लष्कराची छावणी, फाळणीनंतर सिंधहून आलेले निर्वासित आणि १९४९ मध्ये मिळालेले उल्हासनगर हे नाव, या सगळ्याला अजून जवळपास शतक लागणार होते.

लोखंडे यांचे शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबले. परिस्थिती बेताची होती. आधी रेल्वेत आणि मग टपाल खात्यात नोकरी करून १८७०च्या सुमारास ते मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने ही नोकरी महत्त्वाची ठरली. स्टोअरकीपर साच्यावर उभा नसतो, पण गिरणीतले सगळे त्याच्यासमोरून जाते. कोणता पट्टा तुटला, तेल किती लागले, कोणत्या खात्यात काय मोडले, त्या दिवशी कोण खाड्यावर आहे आणि का. हिशेब लिहिता-वाचता येणारा आणि तरीही मजुरांच्या वस्तीतच राहणारा असा माणूस त्या काळच्या गिरणीत विरळा होता.

१८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी लोखंडे त्यात सामील झाले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे पत्र पैशांअभावी अडचणीत आले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि अखेरपर्यंत चालवले. शेतकऱ्याची बाजू फुल्यांनी मांडली होती. तोच शेतकरी गाव सोडून गिरणीत आल्यावर त्याचे काय होते, हे सांगण्याचे काम ‘दीनबंधू’ने अंगावर घेतले.

गिरणीत धोका नेमका कुठे होता?

त्या काळच्या गिरणीत प्रत्येक मशीनला स्वतंत्र मोटर नव्हती. एका टोकाला वाफेचे इंजिन, त्यावरून छताखाली धावणारा लांबच लांब लोखंडी दांडा, आणि त्या दांड्यावरून खाली प्रत्येक यंत्राला उतरणारे चामडी पट्टे. इंजिन चालू आहे तोवर दांडा फिरत राहणार. एका कामगाराचे धोतर किंवा एका बाईचा पदर पट्ट्यात गेला, तर तेवढेच यंत्र जागच्या जागी थांबवण्याची सोय नसे. यंत्रांमधल्या वाटा अरुंद होत्या. चालू यंत्राखाली शिरून कापूस झाडायला लहान अंगाची मुले सोयीची पडत. कापसाच्या धुळीने छाती भरून येई. या आजाराला, म्हणजे बिसिनोसिसला, भरपाईच्या यादीत जागा मिळायला बराच काळ गेला.

कामाचे तास सूर्य ठरवत असे. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले, म्हणजे उन्हाळ्यात दिवस तेरा-चौदा तासांवर जाई. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सण असेल तर गिरणी बंद. अधूनमधून रविवारी यंत्रे थांबली, तरी ती पुसायला कामगारांना यावेच लागे. पगार महिना उलटून बरेच दिवस गेल्यावर हातात पडे. त्यामुळे काम सोडणाऱ्याचा किंवा जखमी होऊन घरी बसणाऱ्याचा पगार मालकाकडेच अडकून राहत असे.

१८८१चा कायदा होता, मग अडचण काय होती?

भारताचा पहिला कारखाने कायदा १८८१ मध्ये आला. त्याची पार्श्वभूमी गमतीची आहे. त्यासाठी सर्वांत मोठा रेटा होता लँकेशायरच्या गिरणीमालकांचा. मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या बाजारात घुसत होते, आणि इथल्या मजुरांचे तास कमी झाले तर त्यांचे नुकसान टळणार होते. त्यामुळे इथल्या राष्ट्रवादी वर्तमानपत्रांनी हा कायदा म्हणजे देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा डाव ठरवला. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखा एखादाच मुंबईकर कायद्यासाठी मनापासून झटला. परकीय मालकाचा हेतू आणि देशी मालकाचा नफा, या भांडणात चालू यंत्राखाली वाकणारे पोर कुणाच्याच हिशेबात नव्हते. लोखंडे यांनी त्या पोराच्या बाजूने उभे राहायचे ठरवले. लँकेशायरला काय हवे आहे याची त्यांनी फिकीर केली नाही. राष्ट्रवादी वर्तुळात हे त्यांना महाग पडले, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचे नाव उशिरा येण्याचे एक कारण हेही असावे.

कायद्यात होते तरी काय? सात वर्षांखालील मुलांना कामावर बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्यात चार सुट्ट्या, धोकादायक यंत्राला कुंपण, अपघाताची वर्दी. प्रौढ पुरुष आणि बायकांच्या तासांबद्दल एक अक्षर नव्हते. कायदा लागू होता तो वाफेसारख्या शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या कारखान्यांना. खास निरीक्षक नेमला नसेल तिथे तपासणीचे काम जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे महसूल, दुष्काळ, दंगे सांभाळून उरलेल्या वेळात. कुंपण कागदावर आले, पण ते बसवले की नाही हे पाहणार कोण, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून राहिला.

पाच मागण्या

कायद्यात दुरुस्ती हवी का हे पाहायला मुंबई सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला. आयोगासमोर मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार हे उघड होते. लोखंडे यांनी कामगारांनाच बोलते करायचे ठरवले. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. सही म्हणजे बहुतेकांचा अंगठाच असणार. पण जॉबरच्या डोळ्यांदेखत अंगठा उठवणे म्हणजे उद्याची हजेरी पणाला लावणे होते.

मागण्या पाच होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. आणि पाचवी, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, कायमचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय करावी.

ही यादी पहिल्या नजरेत पगार-सुट्टीची वाटते. यंत्राच्या कुंपणाचा त्यात उल्लेखही नाही. पण नीट पाहिले तर पाचपैकी तीन मागण्या थकव्याबद्दल आहेत, आणि फिरत्या पट्ट्याशेजारी थकवा हेच अपघाताचे मोठे कारण. चौथी मागणी मान्य झाली असती, तर अडकलेल्या पगाराच्या भीतीने ताप अंगावर काढून किंवा पट्टी बांधलेल्या हाताने यंत्रावर येण्याची वेळ कमी आली असती. पाचवी सर्वांत पुढची होती. अपघात कुणाच्या चुकीने झाला हा वाद तीत नाहीच. काम करताना लागले ना, मग खर्च कामाचा. अपघाताचे पैसे मालकाच्या खिशातून जायला लागले, की कुंपण बसवणे त्याला आपोआप स्वस्त वाटू लागते. सुरक्षेच्या आजच्या सगळ्या व्यवस्थेमागे हेच गणित आहे.

जगात तेव्हा काय चालले होते? जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने औद्योगिक अपघात विम्याचा कायदा केला तो जुलै १८८४ मध्ये, म्हणजे परळच्या सभांच्या जेमतेम अडीच महिने आधी. ब्रिटनमध्ये १८८०चा कायदा होता, पण त्यात मालकाची किंवा त्याच्या माणसाची चूक दाखवावी लागे. चूक सिद्ध न करता भरपाई देणारा कायदा तिथे १८९७ मध्ये आला. परळच्या मैदानात अंगठे उठवणाऱ्यांनी जे मागितले, ते त्यांच्या राज्यकर्त्यांच्या देशातल्या कामगाराला अजून मिळालेले नव्हते.

आयोगाचा अहवाल १८८५ मध्ये आला. कायद्यात बदल मात्र झाला नाही.

रविवारची सुट्टी कशी मिळाली?

लोखंडे अर्जांवर अर्ज करत राहिले. १८८९ मध्ये पुन्हा निवेदन गेले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९०च्या मुंबईत बायकांनी हजारोंच्या सभेत उभे राहून बोलणे ही बातमीच होती. रविवारच का, या प्रश्नावर तो खंडोबाचा वार आहे असे उत्तर लोखंडे यांनी दिल्याचे सांगितले जाते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. आज मोबाइलवर रविवारचा अलार्म बंद ठेवणाऱ्या प्रत्येकाचा या तारखेशी संबंध आहे.

त्याच वर्षी भारत सरकारने नेमलेल्या कारखाने आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना सामावून घेण्यात आले. पाठोपाठ १८९१चा कायदा आला आणि १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती सर्वांना मिळाली. बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वयाला सात तास ठरले. कारखान्याची व्याख्या शंभरावरून पन्नास माणसांवर आली. पाचपैकी पहिल्या दोन मागण्या अशा रीतीने कायद्यात उतरल्या. जखमीच्या पगाराची मागणी जिथल्या तिथे राहिली.

संघटना होती, सभासद नव्हते

लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणतात, आणि त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला देशातली पहिली कामगार संघटना. तिचे स्थापनावर्ष काही ठिकाणी १८८४ तर काही ठिकाणी १८९० दिले जाते. यात दोष अभ्यासकांचा कमी आणि संघटनेच्या स्वरूपाचा जास्त आहे. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची नोंदवही नव्हती, लेखी नियम नव्हते. कारखान्यांवरच्या एका सरकारी अहवालातही हे नमूद आहे. लोखंडे तिचे अध्यक्ष, आणि खरे तर तिचे सगळेच. संपापेक्षा त्यांचा भरवसा अर्ज, सभा आणि वर्तमानपत्रावर होता. सरकारदरबारी त्यांची ऊठबस होती. पुढच्या काळातल्या जहाल पुढाऱ्यांना हे मवाळ वाटले. पण सभासदांची वही ठेवणे म्हणजे मालकाच्या हाती कामावरून काढण्याची यादी देणे, अशा त्या दिवसांत दुसरे काय टिकले असते, हेही विचारायला हवे.

त्यांचे काम गिरणीपुरते नव्हते. १८९० मध्ये विधवांचे केशवपन करायचे नाही म्हणून मुंबईतल्या नाभिकांना त्यांनी एकत्र आणले. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली, तेव्हा वस्त्यांमध्ये सलोख्यासाठी ते फिरले. सरकारने १८९५ मध्ये त्यांना रावबहादूर किताब दिला.

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. कामगार गाव गाठू लागले, गिरण्या ओस पडल्या. लोखंडे मुंबईतच राहिले आणि रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल उभे करण्यात गुंतले. तिथेच त्यांना लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आत होते. त्यानंतर महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

टपाल खात्यात कधीकाळी नोकरी केलेल्या या माणसाचे टपाल तिकीट निघाले ते मे २००५ मध्ये. परळच्या कामगार अभ्यास संस्थेला त्यांचे नाव आहे.

पाचव्या मागणीचे पुढे काय झाले?

कामगार भरपाई कायदा भारतात १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. परळच्या निवेदनाला तोवर चाळीस वर्षे होत आली होती. चूक कुणाची हे न पाहता भरपाई, हे तत्त्व त्यात आले. पूर्ण पगार मात्र आला नाही. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार, असे आजचे सूत्र आहे. त्यातही हिशेबासाठी वेतन धरायची कमाल मर्यादा २०२० पासून १५ हजार रुपये. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, परिस्थिती बरी आहे. कामावर जखमी झालेल्याला तात्पुरत्या काळात वेतनाच्या ९० टक्के मिळतात आणि उपचार वेगळे. पण त्यासाठी साधारणपणे दहा किंवा जास्त कामगारांची आस्थापना, महिना २१ हजारांपर्यंतचे वेतन आणि मुख्य म्हणजे नोंदणी हवी. परळला मागितलेले शंभर टक्के या दोन्ही वाटांनी मिळत नाहीत.

दुसरा धागा आहे संख्येचा. कारखाना कशाला म्हणायचे? १८८१ मध्ये १०० माणसे, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, आणि १९४८च्या कारखाने कायद्यात वीज असेल तर १०. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये याच कायद्यात धोकादायक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण आले. धोक्याची माहिती कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. जवळपास सात दशके खाली येत गेलेला हा आकडा २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत पुन्हा वर गेला. वीज वापरणाऱ्यांना २०, न वापरणाऱ्यांना ४०. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले आहे. यंत्राला मात्र आसपास नऊ माणसे आहेत की एकोणीस, हे कळत नाही.

उल्हासनगरमध्ये याचा अर्थ काय?

मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतो, समिती असते, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे निरीक्षक येतात. तरीही स्फोट होतात, पण निदान जाब कुणाला विचारायचा ते माहीत असते. उल्हासनगरची ओळख मात्र लहान गाळ्यांची. ‘मेड इन यूएसए’चा जुना विनोद ज्यावर झाला, ती जीन्स, फर्निचर, प्लास्टिक, खाद्यपदार्थांची लहान युनिट. प्रेस, करवत, मोल्डिंग मशीन तेच, माणसे पाच-सात. त्यातली दोन ठेकेदाराची. मशीनचे गार्ड काम भरभर व्हावे म्हणून काढून ठेवलेले असेल, तर ते पाहायला येणारे कुणी नाही. १८८१ मध्ये नव्याण्णव माणसांची गिरणी जशी कायद्याच्या नजरेआड होती, तशीच ही.

भरपाईचा हक्क मात्र माणसे मोजून संपत नाही. १९२३चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. ईएसआयचे कवच नसलेल्या जखमीची जबाबदारी त्यातल्या भरपाईच्या तरतुदींप्रमाणे मालकावर येते. कामगार ठेकेदाराचा असला, तरी मूळ मालकाला त्यातून हात झटकता येत नाहीत. अडते ते पुराव्यापाशी. नेमणूकपत्र नाही, पगार रोखीने, हजेरीचे पुस्तक ठेकेदाराच्या खिशात. अशा वेळी इजा कामावर असताना झाली हे सांगणारा पहिला कागद अनेकदा दवाखान्यातला केसपेपर असतो. जखमीला घेऊन आलेला माणूस तिथे घाईत घरी पडला असे सांगून गेला, तर पुढची लढाई त्या एका ओळीविरुद्ध लढावी लागते. त्यामुळे मध्यवर्ती रुग्णालयाच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता सांगताना कुठल्या गाळ्यात, कोणत्या मशीनवर आणि किती वाजता लागले, हेही लिहून घ्यायला सांगावे, आणि त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा.